सात दिवसांचं दार

पॉइंटभाऊंना सुट्ट्यांचं पुस्तक पाठ होतं. जगभरच्या रिसॉर्टांची यादी असलेलं, टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड, गुळगुळीत कागदाचं आणि सगळंच्या सगळं इंग्रजी. मी मधलंच एखादं पान उघडून त्यावरचा चार आकडी नंबर वाचायची. समोर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलेले भाऊ छताकडे बघत सांगायचे, "श्रीलंका. डोंगरातला. दोन खोल्यो, शेगडी आसा. जून-जुलै निळो." लाल म्हणजे सगळ्यांना हवा असलेला हंगाम, निळा म्हणजे कुणालाच नको असलेला, आणि म्हणून थोड्या पॉइंटांत पदरात पडणारा. मी पान पडताळून बघायची आणि पुस्तक मिटून टाकायची. माणूस नववी नापास होता. मी इंग्रजी घेऊन एम. ए. झालेले, आणि तेच पुस्तक आमच्या घरात तीन वर्षं टीव्ही उंच करायला खाली ठेवलेलं होतं.

त्यांचं खरं नाव भिकाजी. वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातले. माझा नवरा अविनाश ज्या पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये मेंटेनन्स इंजिनियर होता, तिथे ते एका कंत्राटदाराकडे पाइप फिटर होते. आम्ही सलव्यात, तीन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये. ते अब्बासियात, एका खोलीत आठ जण. कुवेतमध्ये बायकोमुलांना आणायचं तर पगाराची अट असते. अविनाशचा पगार त्या अटीच्या वर होता, भाऊंचा खाली. दोन वर्षांतून एकदा महिनाभर गावी जायचं, आणि गावच्या घरात तीन भाऊ, त्यांची कुटुंबं, माजघरात सगळ्यांची अंथरुणं ओळीने. भाऊंच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती. हे सगळं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर त्या दिवशी मी हसले नसते.

तो दिवस नव्वदच्या दशकाच्या मध्यातला. फरवानियातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये भारतातल्या एका हॉलिडे कंपनीने टाइमशेअर, म्हणजे आगाऊ पैसे भरून दर वर्षी सुट्टीत राहायला मिळणारे पॉइंट, विकायचा कार्यक्रम ठेवला होता. येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला डिनर सेट फुकट. आम्ही डिनर सेटसाठी गेलो, हे कबूल करायला आता काय हरकत आहे. भाऊ एकटेच आले होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात निमंत्रणाचं कूपन. दारावरचा मुलगा "ओन्ली कपल्स" म्हणून त्यांना अडवत होता. अविनाशने त्यांना ओळखलं आणि आमच्याबरोबर आत घेतलं. तासभर पडद्यावर धबधबे आणि पोहण्याचे तलाव झाले. मग विक्रेत्याने विचारलं, कुणाला काही शंका? इंजिनियर मंडळींनी व्याजाचं विचारलं, देखभाल खर्चाचं विचारलं. भाऊ उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "साहब, कमरे का दरवाजा अंदर से बंद होता है ना? कडी अंदर से है ना?"

सगळा हॉल हसला. मीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. विक्रेता म्हणाला, हो, अगदी मजबूत आहे. भाऊंनी मान डोलावली आणि जिथे सांगितलं तिथे सही केली. आम्हीही केली. परत येताना गाडीत मी अविनाशला म्हणाले, "त्या बिचाऱ्याला चांगलंच गंडवलं हं." डिनर सेट माझ्या मांडीवर होता.

आमचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. आम्हाला मे महिन्यात सुट्टी, अख्ख्या हिंदुस्थानालाही मे महिन्यातच सुट्टी. कंपनीची स्वतःची रिसॉर्ट होती दहा-बारा. फोन करावा तर सगळी भरलेली. तीन वर्षं आमचे पॉइंट वाया गेले आणि अविनाश त्या कंपनीचं नाव घेतलं की पेपर तोंडासमोर धरायचा. अशात एका शुक्रवारी दुपारी दाराची बेल वाजली. भाऊ उभे, काखेत ते जाड पुस्तक, हातात फोनचं कार्ड. "वयनी, तुमचा इंग्रजी बरा आसा म्हणान इलंय," ते म्हणाले. "लंडनाक फोन लावूचो होतो."

कंपनीच्या रिसॉर्टांच्या बाहेरही जग आहे, ही गोष्ट त्या दिवशी मला एका फिटरने समजावून सांगितली. आपले पॉइंट लंडनच्या एका अदलाबदल कंपनीकडे जमा करायचे आणि त्या बदल्यात दुसऱ्याच कुणाच्या रिसॉर्टमध्ये, कुठल्याही देशात, आठवडाभर राहायचं. नियमांची पुस्तिका त्यांनी शब्दकोश घेऊन अब्बासियातल्या बंकवर वाचून काढली होती. एका पानाला एक आठवडा लागला म्हणाले. यंदाचे पॉइंट पुढच्या वर्षासाठी साठवता येतात, पुढच्या वर्षीचे उसने घेता येतात, जमा जितके आधी कराल तितकं वजन जास्त. आम्ही जागा मिळाली की पॉइंट देऊ म्हणून बसलो होतो. भाऊ म्हणाले, "आदी पॉइंट सोडूचे, मगे जागा बगूची. घरात ठेवले तर कुजतत." अविनाशने पेपर खाली घेतला.

शुक्रवार त्यांनी विचार करून निवडलेला होता. कुवेतला सुट्टी, लंडनला कामाचा दिवस. तिथलं ऑफिस नऊला उघडायचं तेव्हा आमच्याकडे दुपारचे बारा. मशिदीतली नमाज सुटायच्या सुमाराला सलव्याच्या गल्ल्यांत गाड्यांची ही गर्दी व्हायची, आणि त्या गर्दीतून भाऊ दोन बसगाड्या बदलून यायचे. आमची मुलगी दारातून ओरडायची, "आई, पॉइंट अंकल इज हिअर." मी फोन स्पीकरवर टाकायची. ते कागदावर प्रश्न लिहून आणायचे, मराठीत, क्रमवार. पहिला प्रश्न कायम एकच, "बाईंना विचारा, आज तिकडे पाऊस आहे का." मी वैतागायची, कार्डावरची मिनिटं संपतात म्हणून. ते ऐकायचे नाहीत. सहा महिन्यांत लंडनची ती बाई माझा आवाज ओळखायला लागली आणि एकदा आपण होऊन म्हणाली की रद्द झालेली बुकिंगं शुक्रवारी सकाळी यादीत परत येतात, तुमची वेळ अगदी बरोबर आहे. भाऊ जणू काही झालंच नाही असे खिडकीबाहेर बघत होते.

आमच्या कुजत चाललेल्या पॉइंटांतून त्यांनी आम्हाला मलेशियात तळ्याकाठचं घर मिळवून दिलं, तेवढ्या पॉइंटांत त्या हॉलिडे कंपनीकडे निम्मी खोलीही आली नसती. पुढे सलव्यातल्या नि सालमियातल्या चार-पाच घरांचंही तेच बघायला लागले. कुणाकडून चहापलीकडे काही घेतलं नाही. आम्ही परत आलो की फोटो बघायचे आणि विचारायचे, "शेगडी बरी होती? दार नीट लागा होता?" तळं, जंगल, पूल, कशाचीच चौकशी नाही. एकदा मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही स्वतः दर वेळी समुद्रकिनारा निवडता, ते समुद्रासाठी नाही का?" तर हसले. "दर्यो आमच्या दारातच आसा. माका आतसून कडी लावूक गावली काय झाला."

मग त्यांनी पाकिटातून फोटो काढले. तीन सुट्ट्यांचे तीन. तिन्हींत भाऊ, त्यांची बायको सुमती आणि मुलगी वैशाली, कुठल्या तरी बंद दारासमोर उभे. दारं वेगवेगळी, मुलगी दर वेळी वाढलेली, आणि प्रत्येक दाराच्या मुठीला तारेने अडकवलेली एक छोटी स्टीलची पट्टी. प्लांटमध्ये प्रत्येक पंपाला, प्रत्येक व्हॉल्व्हला नंबराची अशी पट्टी असते, एकेक अक्षर ठोकून उमटवलेली. भाऊंनी तशीच एक बनवली होती. तिच्यावर तीन नावं होती. शनिवारी दुपारी घर ताब्यात आलं की आधी पट्टी लावायची, पुढच्या शनिवारी सकाळी काढून खिशात टाकायची. मधले सात दिवस सुमतीवहिनी स्वयंपाक करणार, मुलगी पलंगावर उड्या मारणार, आणि भाऊ बाजारातून मासे आणणार. बाकी काही करत नाही म्हणाले. हॉलमध्ये हसलेली मी तेव्हा स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

दोन हजारनंतरच्या एका वर्षी वैशाली बारावी झाली. तिला बंगलोरला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. एकदा ती गेली की भाऊंची रजा आणि तिची सुट्टी पुन्हा जुळेल याची खात्री नव्हती. भाऊंनी दोन वर्षांचे साठवलेले पॉइंट आणि पुढच्या वर्षीचे उसने, सगळे एकत्र करून दक्षिण गोव्यात घर घेतलं. नेहमीसारखं एक खोली नि शेगडीचं नाही. दोन बेडरूमचं, व्हरांडा असलेलं. त्या एका आठवड्यासाठी आम्ही अकरा शुक्रवार लंडनला फोन केले. मिळालं तेव्हा त्या बाईने फोनवर टाळ्या वाजवल्या.

विमान आठ दिवसांवर असताना प्लांटचा दुरुस्तीचा शटडाउन लांबला. एका जुन्या हीट एक्स्चेंजरची गळती थांबेना, आणि ती थांबली तर भिकाजींच्याच हाताने थांबेल हे सगळ्यांना ठाऊक होतं. शटडाउनमधल्या लोकांच्या रजा रद्द झाल्या. त्या कागदावर सही अविनाशची होती. त्याने घरी येऊन हे सांगितलं, आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. "मी काय करू? प्लांट बंद ठेवू का?" तो म्हणाला. त्याचंही खरं होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

शुक्रवारी भाऊ वेळेवर आले. मला वाटलं, रद्द करायला सांगतील, आणि रद्द केलं तर तीन वर्षांचे पॉइंट एका झटक्यात गेले असते. त्यांनी नेहमीसारखा कागद काढला. पहिला प्रश्न पावसाचा. दुसरा, पाहुण्यांच्या नावाचं पत्र मिळेल का. मालक येऊ शकत नसेल तर त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला राहू देतात, हा नियम पुस्तिकेच्या शेवटून तिसऱ्या पानावर होता. मी सुमतीवहिनींचं नाव सांगितलं. बाईने विचारलं, किती माणसं? मी दोन म्हणणार, तेवढ्यात भाऊ म्हणाले, "तीन सांगा." मी त्यांच्याकडे बघितलं. "तीन सांगा, वयनी. घर तिघांचा आसा." मी तीन सांगितलं.

सुमतीवहिनी त्याआधी नवऱ्याशिवाय कुडाळच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. मुलीला घेऊन एस. टी.ने गेल्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी शुक्रवारी, म्हणजे त्या घरातल्या शेवटच्या दिवशी, अविनाशने भाऊंना कामावरून दोन तास सोडवलं आणि स्वतः गाडीतून आमच्याकडे आणलं. भाऊंच्या कपड्यांना तेलाचा वास होता, म्हणून ते सोफ्यावर बसेनात. उभ्यानेच नंबर सांगितला. फोन स्पीकरवरच लागला, सवयीने. आधी वैशाली बोलली, व्हरांड्याचं सांगितलं, पट्टी दाराला लावलीय म्हणाली. ती त्यांनी आधीच कुणा गाववाल्याबरोबर पाठवली होती. मग सुमतीवहिनी आल्या.

"कडी नीट लावतंस मा?" भाऊंनी विचारलं.

त्या म्हणाल्या, "नाय लावूक."

"एक दिस पण?"

"नाय. खुर्ची लावन ठेवतंव. अचानक तुमी इलास, नि आमका झोप लागलेली आसली तर?"

सात दिवस. ज्या कडीसाठी त्या माणसाने इंग्रजी पुस्तक पाठ केलं होतं, ती त्याच्या बायकोने सात दिवस लावलीच नव्हती. भाऊंनी टेबलाची कड धरली. माझ्या घरात मी त्या माणसाला एकदाच रडताना बघितलं, आणि तेही आवाज न करता. मग ते म्हणाले, "लाव गो आता. मी येवचंय नाय." फोन ठेवल्यावर अविनाश दारातच उभा होता. "भिकाजी, माझं चुकलं," तो म्हणाला. भाऊ म्हणाले, "साहेब, गळती थांबली, ता बरा झाला. चला, उशीर होता."

त्यानंतर ते तिघे त्या पुस्तकातल्या कुठल्याच घरात एकत्र राहिले नाहीत. वैशालीची सुट्टी कधी जुळली नाही. भाऊ आणखी काही वर्षं कुवेतला राहिले, आमच्यासाठी आणि इतरांसाठी घरं शोधत राहिले, आणि दशक संपता संपता कायमचे परत गेले. जाताना ते जाड पुस्तक मला देऊन गेले. पुढे सगळं इंटरनेटवर आलं, पण अजूनही कुठे जायचं ठरलं की मी आधी तिथे शेगडी आहे का ते बघते.

आम्ही नाशिकला परतल्यावर एकदा गाडी घेऊन त्यांच्याकडे गेलो. भावांच्या घरापासून शंभर पावलांवर त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. चिऱ्याच्या, वर कौलं. दारावर तीच स्टीलची पट्टी, आता तारेने नाही, चार रिव्हेट मारून पक्की बसवलेली. वैशाली बाळंतपणाला आली होती. सुरमईचं जेवण झालं, भाऊंनी अविनाशला आग्रह करकरून वाढलं. वहिनींनी मला दाराची पितळी कडी दाखवली. "आमका कोणाक हात लावूक देणत नाय," त्या म्हणाल्या. "लावतत ते, नि काढतत ते."

दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही निघालो. तिघे दारापर्यंत आले, हात हलवले आणि आत गेले. अविनाशने किल्ली लावली, पण गाडी चालू केली नाही. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग त्याने गाडी सुरू केली.