दवाखान्याच्या माणसाला शिट्टी नाही

शिट्टीमामा रागावले की आधी त्यांची शिट्टी बोलायची आणि मग मामा. शिट्टी लाल दोरीने गळ्यात बांधलेली असे, पण तिची खरी जागा त्यांच्या डाव्या गालात होती. ती तशीच ठेवून ते बोलायला लागले की वाक्याच्या शेवटी बारीकशी सीऽऽ निघायची. ते यवतमाळच्या आमच्या मोठ्या बागेचे रखवालदार, आणि तिथे येणाऱ्या प्रत्येक पोराला त्यांची नक्कल करता येत होती. त्यांचं खरं नाव मात्र मला फार उशिरा कळलं, तेही दवाखान्यातल्या कागदावरून.

बागेच्या फाटकाशी नियमांची भली मोठी पाटी होती. फुलं तोडू नयेत, हिरवळीवर बसू नये, बाकावर झोपू नये, कुत्री आणू नयेत, झोपाळा फक्त लहान मुलांसाठी, बागेत खाऊ नये. ती पाटी वाचायची वेळ कुणावर येत नसे, कारण मामा होते. मारेगाव-बाभुळगावकडचे पाहुणे फाटकाशी थबकले की ते सगळी माहिती तोंडीच देत. "बाग सकाऊन उघडते, अंधार पडला का बंद होते. अंधार कवा पडला, ते मी सांगतो." एकदा एक चांगले भारदस्त साहेब झोपाळ्यावर बसलेले दिसले. मामा जवळ गेले आणि अदबीने म्हणाले, "साहेब, तुमी लहान असते तं मीच झोका देला असता. आता त्या साखळीवर दया करा." साहेब हसत उतरले.

या बाबतीत त्यांना आपपरभाव नव्हता. संक्रांतीला त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या मामी, शेजारणींना घेऊन बाग दाखवायला आल्या आणि हिरवळीवर टेकल्या. मामांनी लांबूनच शिट्टी फुंकली. चारचौघींत मामी ओशाळून उठल्या. दुसऱ्या दिवशी मामा मला सांगत होते, "रात्री मले भाकर भेटली नाही बाई. पन हिरवळ तं वाचली."

माझी त्यांची ओळख मात्र हसण्यातून झाली नाही. माझे बाबा तेव्हा बागेसमोरच्या मोठ्या दवाखान्यात होते. आम्ही कळंबचे. आई बाबांजवळ बसायची आणि मी पडेल ते काम करत हिंडायची. एका दुपारी, उन्हाचा नुसता भडका उडालेला असताना, मी बागेत शिरले, कडुनिंबाखाली हिरवळीवर बसले आणि डबा उघडला. दोन नियम एकदम मोडले होते. मामा शिट्टी तोंडात धरूनच आले. माझ्या शेजारी एक्स-रेचं मोठं पाकीट होतं. त्यांनी ते पाहिलं, शिट्टी काढून खिशात टाकली आणि विचारलं, "कोन हाय दवाखान्यात?"

"बाबा," मी म्हटलं आणि डबा बंद करायला लागले.

"कायले बंद करता? जेवा. तुमी पडल्या तं बाबाले कोन पाहीन?" एवढं बोलून ते वळले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. माझा शेवटचा घास होईपर्यंत ते तसेच उभे होते. मी आभार मानले तर म्हणाले, "मी काही पाह्यलंच नाही."

पुढे कळलं, की ही त्यांची रोजचीच रीत होती. दुपारी दवाखान्यातली माणसं येत. कुणी चून-भाकरीचं फडकं सोडी, कुणी कुंपणावर ओलं लुगडं टाकी, कुणी दोन घटका झोपून घेई. मामा त्या सगळ्यांकडे पाठ करून उभे राहत आणि पलीकडे फुलं तोडणाऱ्यांवर दुप्पट जोराने शिट्टी फुंकत. "दवाखान्याच्या मानसाले शिट्टी नाही," हा त्यांचा नियम पाटीवर नव्हता. दवाखान्याचा माणूस ओळखता कसा, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "बाकीचे बाग पाहाले येतात. हा बागेत बसते, पन बाग पाहत नाही."

बाबा त्या दवाखान्यातून घरी आले नाहीत. पुढे मला यवतमाळलाच नोकरी लागली, आणि फिरायला मी त्या बागेशिवाय दुसरीकडे कुठे गेले नाही.

मामा निवृत्त झाले आणि बाग ठेकेदाराकडे गेली. पाटी नव्याने रंगवली गेली, खांबांवर कॅमेरे बसले, निळ्या गणवेशातला रखवालदार आला. गेल्या उन्हाळ्यात मामांना त्याच दवाखान्यात आणलं. पोटाचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं, इलाज उरला नव्हता. त्यांच्या वॉर्डची खिडकी बागेच्या बाजूला होती. पडल्या पडल्या त्यांना बाग दिसत नसे, शिट्टी मात्र ऐकू येई. दुपार झाली की ते मामींना म्हणत, "जाय, बागेत बसून जेव. कडुनिंबाखाली बस. तिथं कोनी उठवत नाही."

एका दुपारी मीच मामींना घेऊन गेले. आम्ही बसलो, त्यांनी पहिला घास मोडला आणि शिट्टी वाजली. रखवालदार धावत आला. मी त्याला सांगितलं, की या कोण आहेत, यांच्या नवऱ्याने ही बाग आयुष्यभर सांभाळली आहे. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, कॅमेऱ्यात दिसते. माही नोकरी जाईन." माझा संताप संताप झाला, पण मामी डबा बांधून उठल्यासुद्धा. "असू द्या बाई. त्याचं काम करून राह्यला तो. ह्यायले मात्र सांगू नका."

वॉर्डात आलो तर मामा जागे होते. "जेवली?"

"जेवली," मामी म्हणाल्या. डबा त्यांनी पदराखाली धरला होता.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "आता शिट्टी वाजली बाई. कोनावर वाजली?"

मी म्हटलं, "पोरं होती मामा. फुलं तोडत होती."

"हं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा सैल झाला. "फुलं तोडू देऊ नये."

त्यानंतर मामी रोज दुपारी डबा घेऊन उठत आणि दवाखान्याच्या जिन्याखाली बसून येत. चार घास जात, कधी तेही जात नसत. मामा रोज विचारत. मामी रोज सांगत, "कडुनिंबाखाली बसली होती. कोनी उठवलं नाही."

मामा गेले ते भरदुपारी. गावाकडे न्यायला गाडी आली. मामी आत त्यांच्या डोक्याशी बसल्या, मी दाराशी उभी होते. ड्रायव्हर कागद घेऊन येईपर्यंत थांबायचं होतं. समोरच्या फाटकातून एक बाई, काखेत मूल आणि हातात एक्स-रेचं पाकीट, भरभर बाहेर पडताना दिसली. तिच्या मागून बागेतली शिट्टी वाजतच होती, एकदा, पुन्हा, पुन्हा.

मामींनी ती ऐकली. तोवर त्या रडल्या नव्हत्या. त्या वाकल्या, मामांच्या तोंडावरची चादर जराशी सारली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "पोट्टे हायेत. फुलं तोडून राह्यले."