मनगटावर चालणारं पेन

पेन घ्यायला गेले की मी कागदावर रेघोट्या मारत बसत नाही. दुकानदार तो चिटोरा पुढे सरकवतो, त्याच्यावर आधीच शंभर जणांनी गोल गोल गिरवून ठेवलेलं असतं. मी बांगड्या वर सारते, डाव्या मनगटावर माझं नाव लिहिते, त्यावर थुंकी लावते आणि अंगठ्याने खसाखसा पुसते. नाव राहिलं तर पेन चांगलं. गेलं तर ते पेन दुकानदाराच्या तोंडावर.

परवा गिरगावात असंच झालं. दुकानाचा मालक म्हणाला, "आजी, हे जेल पेन बघा, लोण्यासारखं चालतं." लिहिलं, थुंकी लावली, पुसलं. मनगटावर नुसता निळा चिखल. म्हटलं, "लोणीच आहे मेलं, विरघळलं बघा." तो हसला. "अहो आजी, पण हातावर कोण लिहितं?" माझं डोकंच सटकलं. पेन असं आपटलं की टोपण उडून त्याच्या गल्ल्यामागच्या तसबिरीवर बसलं. नातीने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि फुटपाथवर म्हणाली, "आजी, तुला ना, कुठे न्यायची सोय नाही." नाहीच आहे. माझा राग साठ-पासष्ट वर्षांचा आहे, तो काय तिच्या सोयीने येणार?

रोजच्या वापराला पेन कसं असावं हे मला विचारा. शाईच्या पेनाचं कौतुक मला सांगू नका, त्याचे लाड ज्यांना परवडतात त्यांनी करावेत. रोजच्याला बॉलपेन. त्यातली शाई दाट हवी, थोडी तेलकट. गोळी घरंगळताना अडखळता कामा नये. घामेजल्या बोटांतून सटकू नये. दिसायला कसंही असो, सुंदर पेन घेऊन काय चाटायचंय? आणि लिहिलेलं पाण्याने जाता कामा नये. बाकी सगळं एका पारड्यात आणि हे एक दुसऱ्या पारड्यात.

मी तेव्हा मॅट्रिकला होते. लालबागला चाळीत तिसऱ्या मजल्यावर आमची एक खोली, तिच्यात आई, दादा आणि मी. बाबा गिरणीची रुई छातीत भरून खोकून खोकून गेले, आणि दादा साचेखात्यात माग चालवायला लागला. घर त्याच्या दोन हातांवर उभं होतं. मी शिकावं हा हट्टसुद्धा त्याचाच. आई म्हणायची, "चेडवाक शिकवन काय करतलंस?" तर तो म्हणायचा, "ऑफिसात बसवतलंय. पंख्याखाली."

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. मुंबई आमची म्हणून अख्खं गिरणगाव गळा फाडत होतं. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा लाठी. मग गोळ्या चालायला लागल्या. पलीकडच्या चाळीतला एक माणूस असाच एका मोर्चात पडला. सदरा फाटलेला, खिसा रिकामा, ओळख पटेना. तीन दिवसांनी त्याच्या बायकोला कळलं तेव्हा त्याला बेवारशी म्हणून जाळूनही झालं होतं. ती बाई चाळीच्या पायरीवर डोकं आपटत होती तो आवाज आमच्या खोलीपर्यंत यायचा. नारळ फोडल्यासारखा.

तेव्हापासून आमच्याकडे रीत पडली. मोर्चाला निघणारा प्रत्येक जण डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला नाव, चाळ आणि खोलीचा नंबर लिहून घ्यायचा. कागद खिशातून पडतो, सदरा फाटतो, हात कुठे जातो? असा हिशेब. माझं अक्षर चाळीत एक नंबर, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. सकाळी गॅलरीत पाट टाकून बसायचे, शेजारी दौत आणि टाक. पुरुष एकेक करून हात पुढे करायचे. मेल्यांना मस्करी सुचायची. "वहिनीचं नाव पण लिही गो, विसरायला होतं." मी टाकाचं टोक जरा जास्तच रुतवायची.

माझ्याकडे एक बॉलपेन होतं. दादाने भाऊच्या धक्क्यावर कुणा खलाशाकडून घेतलेलं, काळं, पितळी टोकाचं. तेव्हा ते नवलच होतं. शाळेत त्याला बंदी, बाई म्हणायच्या बॉलपेनने अक्षराचं वाटोळं होतं. दादा म्हणाला, "शाळेत नको तर नको. नोकरीच्या पहिल्या दिवशी काढ." मी ते ट्रंकेत, आईच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळी रांगेत पहिला दादाच बसला. हात पुढे केला आणि म्हणाला, "धक्क्यावरचं काढ की गो आज. पुसत नाही म्हणतात."

"काढते हां! तुमच्या तेलकट हातांवर फिरवून त्याच्या टोकाची वाट लावू? मग नोकरीला काय बोटाने लिहू?"

"बरं बाई. तुझी इस्टेट," तो म्हणाला आणि हसला.

मी टाक दौतीत बुडवला. शाई कसली, वडी पाण्यात विरघळवून घरी केलेली. पण दादाच्या हातावर मी जसं लिहिलं तसं बोर्डाच्या पेपरातही लिहिलं नसेल. वेलांट्या काढल्या, रेघ सरळ ठेवली. त्याने फुंकर मारून वाळवलं आणि हात वर करून सगळ्यांना दाखवलं.

सातव्या माणसाला शाई संपली. हा दादाचा साच्यावरचा जोडीदार, राहायचा परळच्या चाळीत, पण निघायचा आमच्याकडून, कारण आईच्या हातची भाकरी. आता काय करायचं? शेजारचे काका पार्सल ऑफिसात होते, त्यांची जांभळी कॉपिंग पेन्सिल होती. जिभेला लावून लिहिली की जांभळं उमटायचं. त्याचा हात मी त्या पेन्सिलीने रखडला. वेडंवाकडं, कोंबडीच्या पायासारखं. तो म्हणाला, "सगळ्यांना शाई आणि मला पेन्सिल! मी काय सावत्र?" म्हटलं, "मिळतंय ते घे आणि चालू पड."

मग मी शाईची दुसरी वडी विरघळवून दौत भरून ठेवली, आणि आम्ही बायका बादल्या घेऊन रस्त्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिलो. हे पण आमचं ठरलेलं काम. अश्रुधूर सुटला की डोळ्यांची आग होते, तेव्हा माणसं धावत कडेला यायची आणि आम्ही तांब्याने त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचो. त्या दिवशी नळकांड्या अशा काही फुटल्या की समोरचं माणूस दिसेना. लाठ्या टाळक्यांवर बसत होत्या, त्याचा आवाज वेगळा, पाठीवर बसत होत्या, त्याचा वेगळा. एका म्हाताऱ्याचा कान लोंबत होता आणि तो मला विचारत होता, माझी टोपी बघितलीस काय गो. दगड दोन्हीकडून येत होते. मीही मारले. खोटं कशाला बोलू? एक शिपाई गुडघा धरून खाली बसला तेव्हा मला बरं वाटलं.

त्या धुरातून दादा आला. डोळे मिटलेले, नाकातून पाणी. माझ्यापुढे ओंजळ केली. मी ओतलं. त्याने तोंडावर हबके मारले, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा ओंजळ केली. मी पुन्हा ओतलं, अख्खा तांब्या. माझेही डोळे मिटलेलेच होते. "बस, बस," तो म्हणाला आणि पळाला. पाचेक मिनिटांत गोळ्यांचा आवाज आला.

लोक चाळीत घुसले, त्यांच्या मागे पोलीस घुसले. जिन्यात सापडेल त्याला मारलं. एका पोराला तर केसाला धरून पायऱ्यांवरून ओढलं. मी तिसऱ्या मजल्यावर पोचले होते. खाली अंगणात एक शिपाई आमच्या काकांना बुटाने तुडवत होता, आणि काका "पार्सल ऑफिस, पार्सल ऑफिस" म्हणून ओरडत होते. माझ्या हाताला दौत लागली. नुकतीच भरलेली. मी ती अशी मारली की त्याच्या खांद्यावर फुटली. मानेपासून कमरेपर्यंत निळा झाला मुडदा! बायकांनी आरडाओरडा केला, वरून पाट, वरवंटा, उकळतं पाणी, जे हाताला येईल ते पडायला लागलं. पोलीस मागे हटले. हटता हटता तो शिपाई अंगणातल्या नळाखाली वाकला. त्याने मानेवर, हातांवर पाणी घेतलं. दोनदा चोळलं असेल नसेल. निळा ओघळ मोरीकडे गेला आणि मान, हात स्वच्छ झाले.

मी कठड्याला धरून बघत राहिले. मग मला कळलं मी काय केलंय. नाव मीच लिहिलं होतं आणि तांब्याने मीच धुतलं होतं.

संध्याकाळी दादा आला नाही. कर्फ्यू लागला. आई दाराशी बसून राहिली, तिला मी काही सांगितलं नाही. मी ट्रंक उघडली, लुगड्याची घडी उसकटली आणि ते बॉलपेन काढून मुठीत धरलं. म्हटलं, देवा, एकदा सापडू दे. सापडला की लिहीन, दोन्ही हातांवर लिहीन, कपाळावर लिहीन. टोक बिघडू दे, मोडू दे, चुलीत जाऊ दे ती नोकरी.

सकाळी कर्फ्यू उठल्याबरोबर आम्ही दोघी परळच्या इस्पितळात गेलो. व्हरांड्यात सतरंज्यांवर माणसं, फरशीवर रक्त वाळून चिकट झालेलं. यादीत दादाचं नाव नव्हतं. आई म्हणाली, "नाय ना? मगे घराक गेलो असतलो." तेवढ्यात मला एका खाटेवर दादाचा जोडीदार दिसला. मांडीतून गोळी आरपार गेलेली. माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. घाम लागून, पाणी लागून ती पेन्सिल आणखी गडद झाली होती. माझं ते कोंबडीच्या पायाचं अक्षर, एक काना पुसलेला नव्हता.

पहाटे शुद्धीवर आला होता म्हणे. आईला बघून रडायला लागला. दादा त्याच्या पुढेच पडला होता, पोटात गोळी लागून. दोघांना एकाच लॉरीत टाकून आणलं, दोघेही बेशुद्ध. इथे एका वॉर्डबॉयने याचा हात वाचला. तो त्याच चाळीतला निघाला, गल्लीबोळातून जाऊन याच्या भावाला घेऊन आला. भावाने रक्त दिलं.

"आणि दादाला?" मी विचारलं.

त्याने तो हात चादरीखाली ओढून घेतला. मला तो जगल्याचा आनंद झाला नाही. त्याचा तो जांभळा हात खांद्यातून उपटावा आणि दादाला लावावा असं वाटलं. माणूस चांगला होता, माझ्या आईची भाकरी खाल्लेला, तरी वाटलं. आजही ते आठवलं की माझी मलाच भीती वाटते.

डॉक्टर तरुण होते, दोन दिवस झोपले नसावेत. म्हणाले, "पोटात गोळी लागलेला एक जण होता. पहाटे गेला. त्याच्यासाठी कोणी आलं असतं, रक्त दिलं असतं, तर निदान प्रयत्न तरी..." मग त्यांनी आईकडे बघितलं आणि वाक्य तसंच सोडलं.

मागच्या खोलीत दादा फरशीवर होता. पायाच्या अंगठ्याला दोऱ्याने पुठ्ठा बांधलेला, त्यावर लिहिलं होतं, अनोळखी पुरुष. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत बसली. मी त्याचा डावा हात उलटा केला. मनगट कोरं होतं. दोन-चार रेघा निळसर होत्या, त्या शिरा होत्या.

तिथला माणूस म्हणाला, "ओळख पटली ना ताई? नाव सांगा, मी पुठ्ठा बदलतो."

"हात लावशील तर तोडीन!" मी किंचाळले. "मी लिहिणार."

मुठीतलं बॉलपेन काढलं आणि त्याच्या मनगटावर टेकवलं. उमटेना. बर्फासारखी थंड कातडी, गोळी फिरेचना. मी दाबलं. नुसती पांढरी रेघ उठली. आणखी दाबलं, दात खाऊन गिरवत राहिले, तरी शाई येईना. मी त्या पेनाला, धक्क्यावरच्या खलाशाला, सरकारला, माझ्या बाईंना, तोंडाला येईल त्या शिव्या देत होते.

आईने माझा हात धरला. दादाचं मनगट तिने आपल्या दोन्ही तळव्यांत घेतलं, चोळलं, तोंडाजवळ नेऊन त्याच्यावर वाफ सोडली. थंडीत लहानपणी आमचे हात गरम करायची तसं. बराच वेळ करत राहिली. मग हात माझ्यापुढे केला.

"आता लिही," ती म्हणाली. "पण हळू गो. तेका दुखतला."

मी हळू लिहिलं. नाव, चाळ, खोलीचा नंबर. मग अंगठ्याला थुंकी लावून पुसून बघितलं. गेलं नाही.