पासवर्डातलं नाव

भवानी पेठेतल्या कमलाकरअण्णांनी अडतीस वर्षांच्या संसारात बायकोला कधी नावानं हाक मारली नाही. वरातीनंतर दारात अडवून उखाणा घ्यायला लावला, तेव्हा एकदा काय ते 'गोदावरी' म्हणाले. पुढचं सगळं 'अगं ए'वर निभावलं. शाळेतले कारकून ते. शब्दसुद्धा जपून वापरायचे.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. अण्णांना रडू आलं नाही, अजूनही येत नाही. दात काढण्याआधी हिरडी बधिर करतात ना, तसं सगळं आतून. फक्त रोज सकाळी चहा घेताना ते मोबाईलवर पेपरची वेबसाइट उघडत आणि एका बोटानं, एकेक इंग्रजी अक्षर शोधत पासवर्ड टाकत. गोदावरी, आणि पुढं लग्नाचं साल. वाचून झालं की लॉगआउट. शाळेचं कपाट उघडं टाकून ज्यांनी कधी घर गाठलं नाही, ते हे कसं उघडं टाकतील? खरं तर बातम्यांत त्यांचा जीव नव्हताच. दिवसातून एकदा तिचं नाव घ्यायला मिळे, तेवढंच.

सून श्रावणी कॉलेजच्या ऑफिसात कामाला. तिनं एकदा पाहिलं.

"अण्णा, रोज काय टाइप करत बसताय? पासकी करून देते. बोट लावलं की उघडतंय. चोरायला पासवर्डच उरत नाही."

"असू दे की. लई सवय झालीय."

"आणि शेजारच्या सयाजीकाकांचा पासवर्ड कुणीतरी फसवून काढून घेतला तो?" असं म्हणत तिनं त्यांचं बोट धरून टेकवलंसुद्धा. पोरगी गुणाची, काळजीपोटीच करत होती. "जुना पासवर्ड काढून टाकू ना आता?"

सुनेला सांगणार काय? जे नाव खुद्द बायकोसमोर तोंडातून निघालं नाही, ते हिच्यासमोर कसं निघावं?

"टाक," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चहा आला. अण्णांनी बोट टेकवलं, पेपर उघडला. पासवर्ड कुणी विचारलाच नाही. लॉगआउट केलं, पुन्हा बोट टेकवलं, पुन्हा उघडला. मग मोबाईल पालथा ठेवून ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत बसले.

"गोदावरी," ते म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. श्रावणी हात पुसत दारात आली.

"बोलावलंत, अण्णा?"

"तुला न्हाय, बाळ."