दोन मिनटं गप

अक्का उजव्या हाताची दोन बोटं वर करायच्या आणि म्हणायच्या, "दोन मिनटं गप." आवाज कधी चढवायच्या नाहीत. वर्गातली पोरं गप, व्हरांड्यात भांडणारे पालक गप. एकदा तर तपासणीला आलेले, कानडीत धडाधड बोलणारे साहेबही गप झाले. त्यांना मराठी येत नव्हतं. बोटं मात्र कळली.

कानडी मुलखात, भालकीतल्या आमच्या मराठी शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. मी वयानं लहान, तरी मला अण्णा म्हणायच्या. आमच्या भागात कुणालाही अण्णा म्हणतात, त्यानं मान वाढत नाही. मला तो वाढल्यासारखा वाटला होता, ही गोष्ट निराळी.

माझी गावातली खरी ओळख वेगळीच. मयताला लाकडं आधी पोचतात की मी, एवढाच प्रश्न असतो. स्मशानात चार शब्द बोलायचे आणि लोकांना दोन मिनटं उभं करायचं, हे काम कधीतरी माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते आवडायला लागलं. भाषण ठरलेलं. नाव तेवढं बदलायचं.

अक्का निवृत्त झाल्या त्या दिवशी पुण्याचा मुलगा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सामानाला टेंपो येणार होता आणि घर भाड्यानं जाणार होतं. समारंभाआधी स्टाफरूममध्ये मी विचारलं, "पुण्यात काय करणार, अक्का?"

"काय करायचंय? नातवाला शाळेत सोडायचं, आणायचं. आता माझं राह्यलंय काय, अण्णा?"

बोटांवरचा खडू केव्हाच निघाला होता, तरी त्या हात धूतच होत्या.

मग मंडप, हार, शाल आणि माझं भाषण. सुरुवात बरी झाली. "अक्का अत्यंत मनमिळाऊ होत्या," असं म्हणालो आणि त्या 'होत्या'पाशी जीभ सवयीच्या वाटेला लागली. त्यांच्या जाण्यानं पोकळी निर्माण झाली, ती भरून निघणार नाही, त्यांच्या कुटुंबाला हे दुःख सोसायचं बळ मिळो. "आता आपण सगळ्यांनी दोन मिनटं स्तब्ध उभं राहून..."

सगळा मंडप उभा राहिला. माझा शब्द गावात कुणी मोडत नाही. हेडमास्तरांनी मागून माझा सदरा ओढला. शोकाकुल माणसं असं करतात, हे मला ठाऊक, म्हणून मी त्यांचा हात थोपटला. मग एक डोळा किलकिला केला, तर समोर दिवंगत व्यक्ती उभी! गळ्यात हार, मान खाली, खांदे हलताहेत.

मला वाटलं, रडायल्या. त्या हसत होत्या.

पुढं येऊन त्यांनी माईक घेतला. दोन बोटं वर. "बसा आता. स्वतःचं मयत बघायला मिळालं, लई बरं वाटलं. कोण कोण रडायलेत त्ये बी कळलं. हेडमास्तर काय रडले न्हाईत."

मंडप हसला. त्या थांबल्या आणि मुलाकडं बघून म्हणाल्या, "बाळा, मघाशी उभी राहून इचार केला. खरंच मेले तर माझं काय ऱ्हाऊन जाईल? गाणं ऱ्हाऊन जाईल. टेंपोवाल्याला नको म्हणून सांग."

"आई, अगं घराचं ठरलंय की!"

"तू ठरवलास. मी गप होते. उन्हाळ्यात येते की, पाहुणी म्हणून."

मुलाचा चेहरा आधी पडला, मग हळूहळू सैल झाला. आईला तिथं करमेल का, ही काळजी त्यालाही असावी. संध्याकाळी तो मला म्हणाला, "सर, थँक्यू." आयुष्यात भाषणाबद्दल मिळालेले ते पहिलेच आभार.

पण गाणं? साऱ्या जगाला गप करण्यात जिची हयात गेली त्या बाईला गाणं? अक्का विहारातल्या बायकांच्या गायन मंडळात जायला लागल्या. पहिले काही दिवस आवाज खडू फळ्यावर करकरावा तसा. मी सल्ला दिला, "अक्का, जरा खालच्या पट्टीत."

"अण्णा, तुमी मयताचं बघा."

आवाज सुटायला वेळ लागला, पण सुटला. मग जयंतीच्या महिन्यात गावोगावची बोलावणी यायला लागली. निळ्या काठाची साडी, पर्स आणि एसटीत खिडकीची जागा. बघा, वर मी 'म्हणायच्या, शिकवायच्या' असं लिहून बसलोय. तुम्हीही हळहळला असाल. सवय जात नाही हो.

परवा संध्याकाळी त्यांच्या दाराला कुलूप दिसलं. कडीला दुधाची पिशवी तशीच लोंबत होती. सांगायला लाज वाटते, पण डोक्यात आपोआप सुरू झालं: अक्का अत्यंत मनमिळाऊ...

घाईघाईनं फोन लावला. पलीकडं ढोलकीचा दणका.

"अक्का, कुठं हाव?"

"अफजलपूरला. कामून?"

"न्हाई, कुलूप बघितलं, म्हणून..."

"भाषण तयार केलाव व्हय?"

मी काही बोलणार, तोवर त्या म्हणाल्या, "दोन मिनटं गप, अण्णा. माझं गाणं आलंय."

फोन बंद करायचा राहिला असावा. आधी पर्सची चेन वाजली, मग टाळ्या, मग तो आवाज. मी कुलपासमोर उभा, फोन कानाला, मान खाली.

दोन मिनटं केव्हाच होऊन गेली. मी हललो नाही.