भरून परत येणारे डबे

आमच्या महिला मंडळाचा इतिहास विचारणाऱ्यांना उद्घाटनाचे फोटो हवे असतात. मी मात्र अळूच्या पानांपासून सुरुवात करते. कुणाला आवडो न आवडो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सातिवलीत कारखान्यांचे गाळे उभे राहत होते आणि तिथे काम करणाऱ्या बायकांची मुलं दुपारी उपाशी असायची. होळी गावातल्या आम्ही चार-पाच भाजीच्या वाडीवाल्या सुना गोखिवऱ्यात एका शेडमध्ये त्यांच्यासाठी डाळभात रांधायचो. तांदूळ-डाळ मुंबईची एक संस्था द्यायची, डबे मंडळाचे. दुपारी मुलं डबा भरून घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना आया तो परत ठेवायच्या. पण आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे डब्यात कधी चार तोंडली असायची, कधी मूठभर सुका जवळा.

एका सकाळी संस्थेचे साहेब पाहणीला आले. त्यांनी एक डबा उघडला. आत अळूची पानं, नीट गुंडाळलेली.

"हे कुणी दिलं?"

मीच मूर्खासारखं कौतुकानं नाव सांगितलं. तीन मुलांची विधवा बाई ती, नाल्याच्या कडेचा अळू खुडून आणायची. साहेबांनी यादीतलं तिचं नाव खोडलं. "ज्यांच्याकडे द्यायला आहे, त्यांना गरज नाही. डबे रिकामे येऊ द्या, मग बघू."

हे तिला सांगायला मलाच पाठवलं. त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती; ती दारात भांडी घासत होती.

"रिकामा डबा? भिकारीन हाय का मी? पोरांना पानी पाजून ठेवीन, पन रिकामा डबा तुझ्या हातात देनार नाय, बाय."

मला स्वतःची लाज वाटली आणि मग जो संताप आला तो आजही उतरलेला नाही. मी तशीच शेडमध्ये परतले. "तिचं नाव परत घाला," मी म्हटलं.

"नियम म्हणजे नियम."

"मग तुमचा तांदूळ तुम्हालाच लखलाभ!"

त्यांनी खरंच पोती टेम्पोत चढवली. दुपारी मुलं रिकामेच डबे घेऊन घरी गेली. घरी सासूबाई म्हणाल्या, "तोंड आवरलं असतंस तर पोरं जेवली असती." ते खोटं नव्हतं. मी घाबरले होते, पण माफी मागायला जाणार नव्हते.

दुसऱ्या सकाळी आम्ही वाडीतली वांगी-भोपळा घेऊन थंड चुलीसमोर बसलो होतो. पहिला डबा तिचाच आला. आत तांदूळ होता, अर्ध्यापर्यंत. तिच्यामागून बाकीच्या आल्या. कुणाच्या डब्यात पसाभर, कुणाच्या मूठभर, पण सगळ्यांत तांदूळच.

"मीच सांगितलं सगळ्यांना, तांदूळ आना म्हनून," ती म्हणाली. "आज कामावर खाडा केलाय. सरक." तिनं चूल पेटवली.

दुपारी मुलं जमली. त्या दिवशी तिनं त्यांना तिथंच पंगतीत बसवलं, स्वतःच्या तिघांसकट सगळ्यांच्या डब्यांत वाढलं आणि मग माझ्याकडे वळली.

"बाय, तुझा डबा कुठं हाय?"

माझा डबा नव्हताच. इतक्या दिवसांत तिथं आपणही जेवावं, असं आमच्यातल्या एकीलाही कधी वाटलं नव्हतं. तिनं पातेल्यावरचं झाकण उलटं केलं, त्यात भात वाढला आणि माझ्यापुढे धरला. मी मुलांच्या पंगतीत बसले आणि जेवले.