आटपाडीची बातमीदार नैरोबीत

प्रांजल कोळेकर आमच्या दैनिकाच्या विश्रामबागच्या जिल्हा कार्यालयात नोकरीला आली, तेव्हा मी तिथे उपसंपादक होतो. आटपाडीच्या पुढे एका वाडीवर तिचं घर. वडील धुळा मेंढपाळ. पावसाळा सोडला तर कायम मेंढरं-शेरडं घेऊन फिरतीवर. मी तिला महापालिकेच्या सभा दिल्या. तिला मात्र वाड्यावस्त्यांवरच्या जनावरांच्या बातम्या हव्या असत.

"त्या कोण वाचतं?" मी एकदा विचारलं.

"ज्यांच्या दारात शेळी आहे ते, सर. आमच्या तालुक्यात म्हणजे सगळेच."

चार वर्षं तिनं आमच्याकडे काढली. इंग्रजी लिखाणाचा सराव रोज चाले. नैरोबीतल्या एका वृत्तसंस्थेला बातम्यांचं संपादन करणारं माणूस हवं होतं. तिनं अर्ज केला आणि तीन मुलाखती होऊन तिची निवड झाली.

"तिकडं आपलं कोण हाय?" आई रंगूबाईनं विचारलं.

"कोन न्हाई. मी गेले की व्हईल कोनतरी."

पण नैरोबीत दोन वर्षं ती खुर्चीवरून हलली नाही. दुसऱ्यांच्या बातम्या नीट करायच्या, मथळे द्यायचे. बातमीदारीसाठी तीनदा विचारलं, तीनदा नकार आला. "परत यावंसं वाटतंय, सर," ती फोनवर म्हणाली. आमच्याकडची तिची जागा केव्हाच भरली होती.

मग दुष्काळाच्या वर्षी, देशाच्या उत्तरेकडे जाणारा बातमीदार आयत्या वेळी आजारी पडला. गाडी ठरलेली होती, म्हणून हिला पाठवलं.

तिथल्या एका वस्तीवर रोज शेळ्या मरत होत्या. चाऱ्यावाचून मरतात, असं जो तो सांगे. प्रांजलनं पाहिलं तर मेलेल्यांतल्या काही चांगल्या अंगानं भरलेल्या होत्या. जिवंत होत्या त्यांची नाकं वाहत होती, डोळे चिकटले होते. तिनं वडिलांना व्हिडिओ कॉल करायचं ठरवलं. रेंज फक्त टेकाडावर मिळे. शेळ्यांची मालकीण एक आजारी शेळी उचलून तिच्यामागून टेकाड चढली.

"तोंड उघडून दाव," पलीकडून धुळा म्हणाले. प्रांजलनं खूण केली, तशी बाईनं जबडा उघडला. आत फोड, ओठांवर खपल्या.

"वास येतुया का?"

"लय."

"मग ही उपासमार न्हाई, पोरी. रोग हाय ह्यो. आपल्यात आलता तवा निम्मी शेरडं गेली. पर मी काय डाक्टर न्हाई. आदी डाक्टरला दाव, मग लिव्ह."

संपादक बातमीची घाई करत होते. ती थांबली. दुसऱ्या दिवशी पशुवैद्याला वस्तीवर घेऊन गेली. नमुने तपासणीला गेले आणि आठवड्यानं निदान आलं, तोच साथीचा रोग. मग तिनं बातमी दिली. पंधरा दिवसांत लस टोचणारी पथकं पोचली. त्या बाईच्या निम्म्याच शेळ्या उरल्या, पण शेजारच्या वस्त्यांवरच्या बहुतेक वाचल्या.

प्रांजल आता खुर्चीवर नसते. तीन देशांतल्या पशुपालकांच्या बातम्या तिच्याकडे आहेत.

गेल्या महिन्यात मी वाडीवर गेलो होतो. धुळाआप्पांचा पासपोर्ट नुकताच आला होता.

"कधी निघताय?" मी विचारलं.

"जत्रा झाली की. आवं, तिकडच्या मेंढरास्नी लोकर नसती म्हणं. बघितल्याबिगर माजा इस्वास बसायचा न्हाई."