प्रश्नपेढीला कुलूप

भूकंप झाला तेव्हा मी लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला नुकतीच लागले होते. पुढची काही वर्षं औशाकडच्या पडलेल्या गावांतली मुलं दर जूनला वर्गात येऊन बसायची. त्यांतला एक मुलगा कायम दारालगतच्या बाकावर बसे. आई, वडील, बहीण, तिघंही त्या पहाटे गेले होते. चुलत्याने त्याला लातूरच्या वसतिगृहात ठेवलं होतं. मी फळ्यावर लिहीत असले की तो मधूनमधून वर स्लॅबकडे बघायचा आणि पुन्हा वहीत डोकं घालायचा. गणित मात्र त्याला असं यायचं की मीच कधीकधी थांबून त्याची रीत बघत राही.

त्याच काळात लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले. सगळ्या मराठवाड्यातून पोरं यायला लागली. घराघरांत खोल्या निघाल्या, मेसचे डबे फिरू लागले, झेरॉक्सच्या दुकानांत सराव प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे दिसू लागले. ज्याच्याकडे चांगल्या प्रश्नपत्रिका, त्याचा क्लास भरलेला. भूकंपग्रस्त गावांतल्या पत्र्याच्या शाळांपर्यंत त्यांतलं काही पोचत नव्हतं. हे त्या मुलाला फार लागायचं. एकदा म्हणाला, "मॅडम, माझ्या गावातली पोरं काही ढ न्हाईत. त्यांना सरावच न्हाई."

पुढे तो अभियांत्रिकीला नांदेडला गेला. तिथे त्याला भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक भेटले. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणायचो. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून सरांनी घरच्या संगणकावर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स घातलं होतं आणि येईल त्या विद्यार्थ्याला ते समजावून सांगायचे. जगभरातली माणसं मिळून ते लिहितात, कोणीही उघडून बघावं, बदलावं, पुढे द्यावं, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. त्या दोघांनी मिळून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. एसटीडी बूथवरून मुलाचा फोन आला होता. "मॅडम, मराठीत गणिताची प्रश्नपत्रिका बनवता येईल असं करून राहिलो आम्ही. कुठल्याही मशीनवर उघडली तरी अक्षर फुटायचं न्हाई. तुम्ही प्रश्न द्या."

अक्षर फुटणं ही तेव्हाची आमची रोजची डोकेदुखी होती. डीटीपीवाल्याकडे टाईप केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. मी प्रश्न दिले. मग लोह्याचे एक जिल्हा परिषदेचे गुरुजी आले, भोकरच्या एक बाई आल्या, अर्धापूरचे दोघे आले. कोणी सायबर कॅफेत बसून प्रश्न पाठवायचं, कोणी नुसती शब्दांची चूक काढायचं. 'समलंब' म्हणायचं की 'समलंब चौकोन' यावर आठवडाभर मेल चालायचे. सगळ्यांचे मेल सगळ्यांना जायचे, त्यामुळे भांडणंही सगळ्यांसमोर. हळूहळू प्रश्नांचा मोठा साठा जमला. त्याला आम्ही प्रश्नपेढी म्हणायचो. पुनर्वसन झालेल्या एका गावच्या शाळेत मी स्वतः ती चालताना पाहिली. प्रिंटरची शाई संपत आली होती, कागदावर फिकट आकडे उमटत होते, आणि पोरं कागद खिडकीकडे धरून वाचत होती. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या निकालाचाही झाला नव्हता.

त्यानंतर पुण्याची एक कंपनी आली. शिक्षणाचं सॉफ्टवेअर विकणारी. त्यांचा एक अधिकारी नांदेडला येऊन सरांच्या बैठकीत आम्हा सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसला. बोलायला फार अदबशीर. म्हणाला, "काम तुमचंच राहील. आम्ही नुसता हातभार लावू. सर्व्हर देतो, आणि या मुलाला पगारावर घेतो, म्हणजे तो दिवसभर हेच काम करील."

भोकरच्या बाई म्हणाल्या, "त्यांना यात काय मिळणार?"

सर हसले. "बाई, लिनक्सचं निम्मं काम कंपन्यांचीच माणसं करून राहिलीत. अन् पोराला घर ना दार. त्याला नोकरी लागून राहिली तर आपण आडवं यायचं का?"

आडवं कोणीच आलं नाही.

पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं, हे सांगितलं पाहिजे. जोडाक्षरं नीट दिसू लागली, छपाई सुधारली, जे काम आम्हाला सुट्टीसुट्टीत जमत नव्हतं ते तो आठवड्यात करायचा. कंपनीने लातुरात एक कार्यक्रम घेतला, सरांना शाल दिली. प्रश्नपेढी कंपनीच्या सर्व्हरवर गेली. आमचे मेलही तिथूनच जाऊ लागले.

मग मेल कमी झाले. पूर्वी ज्या गोष्टीवर आम्ही भांडायचो तिचा आता एका ओळीचा निरोप यायचा, 'ऑफिसात असं ठरलं आहे.' लोह्याच्या गुरुजींनी भूमितीच्या प्रश्नांतल्या चुका दुरुस्त करून पाठवल्या. कोणी उघडूनही पाहिल्या नाहीत. त्यांनी पुन्हा पाठवल्या. नंतर मला फोन करून विचारलं, "मॅडम, माझं काही वावगं झालं का? कोणी बोलतच न्हाई." मी म्हटलं, कामात असतील. खरं म्हणजे माझ्याही मेलला उत्तर येत नव्हतं. अर्धापूरचे दोघे केव्हा गळाले ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. भोकरच्या बाईंची बदली झाली आणि त्यांनी नवा पत्ता कळवला नाही.

एका उन्हाळ्यात गुरुजींचा पुन्हा फोन आला. या वेळी आवाज वेगळा होता. "मॅडम, प्रश्नपेढी उघडून न्हाई राहिली. पासवर्ड मागून राहिली. क्लासवाल्यांना मिळतो म्हणे, वर्गणी भरली की. त्यात माझेच प्रश्न हायेत हो."

मी उघडून पाहिलं. खरंच होतं. आमच्या जुन्या प्रोग्रॅमवर कंपनीने स्वतःचा नवा भाग चढवला होता आणि प्रश्नपेढी त्याच्या आत गेली होती. लातुरातले मोठे क्लास तीच वापरत होते. माझ्या ओळखीच्या एका वकिलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "प्रोग्रॅमच्या परवान्यात तुम्हीच लिहिलंय ना, कोणीही वापरावं, बदलावं, विकावं? मग त्यांनी तेच केलं. दावा कशावर करायचा?"

दिवाळीत तो मुलगा लातूरला आला. आता मुलगा म्हणायचं एवढंच, लग्नाच्या वयाला आला होता. माझ्याकडे फराळाला बसला, पण करंजी तशीच हातात धरून.

मी विचारलं, "तो पासवर्डचा भाग कोणी लिहिला?"

"मी."

तोच पुढे म्हणाला, "मी न्हाई म्हटलं असतं तर शेजारच्या टेबलवाल्याने लिहिला असता, मॅडम. मला वाटलं, आपण आत असलो तर गावच्या शाळांसाठी एखादी वाट ठेवता येईल. तीन बैठकांत बोललो. चौथ्या बैठकीला मला बोलावलंच न्हाई."

"सरांना सांगितलंस?"

त्याने नकारार्थी मान हलवली. "सरांपुढं उभं राहवत न्हाई." करंजी ताटलीत ठेवून तो उठला. मला त्याला दोन शब्द ऐकवायचे होते आणि जवळही घ्यायचं होतं. दोन्ही राहिलं.

पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. त्यांना मराठीत रस नव्हता. सर्व्हर बंद झाला आणि त्याबरोबर आमचे इतक्या वर्षांचे मेल गेले. त्या मुलाला बंगळूरला पाठवलं, कुठल्याशा बँकेच्या कामावर. सुरुवातीला तो सणाला फोन करायचा. नंतर नंबर बदलला.

सरांनी मात्र हार मानली नाही. त्यांच्या संगणकावर कंपनी येण्याआधीची प्रत होती. त्यावरून पुन्हा सुरुवात करू, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं आणि नांदेडला घरी बैठक ठेवली. मी सकाळच्या एसटीने गेले. बैठकीत सतरंजी अंथरलेली होती, वहिनींनी मोठ्या पातेल्यात पोहे केले होते. सर संगणक सुरू करून बसले होते. नव्या मशीनवर जुना प्रोग्रॅम धड चालत नव्हता. अक्षरं पुन्हा फुटत होती.

दुपारपर्यंत दुसरं कोणी आलं नाही. सरांनी लोह्याला फोन लावला. गुरुजी म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल राग न्हाई. पण आता पुन्हा फुकट लिहायचं मन होत न्हाई. कोण घेऊन जाईल काय माहीत."

फोन ठेवून सर पडद्याकडे वळले. मग मला म्हणाले, "सगळा कोड माझ्याकडं हाय, मॅडम. एक ओळ कोणी चोरली न्हाई. पण हे पोरानं लिहिलेलं हाय, अन् मला त्यातलं निम्मं समजत न्हाई."

मी म्हटलं, "आपण शिकू."

"माझं वय बघा," ते म्हणाले. "अन् तुमचे पेपर तपासायचे राहिलेत."

वहिनींनी पोह्यांचा डबा भरून माझ्या हातात दिला. परतीच्या एसटीत लोह्याला क्लासची पोरं चढली, लातूरला निघालेली. मांडीवर छापील प्रश्नसंच घेऊन दोघी मुली एकमेकींना प्रश्न विचारत होत्या. एक प्रश्न माझा होता, विहिरीच्या घेराचा. आकडेसुद्धा बदलले नव्हते. सांगावंसं वाटलं नाही.

त्यानंतर मी सरांना दोनतीनदा फोन केला. शेवटच्या वेळी तब्येतीचं, पावसाचं बोलणं झालं, आणि मी प्रोग्रॅमचं नाव काढताच ते हळूच म्हणाले, "ते सोडून दुसरं काही बोला ना मॅडम." मला दुसरं काही सुचेना. शेवटी त्यांनीच फोन ठेवला.